नावांचा क्रम

"तुमचं नाव चौथ्या ओळीत येईल," पिनामान खिडकीच्या जाळीतून म्हणाली.

"चौथ्या?" कुमासीहून गाडी घेऊन आलेला तो माणूस तडकलाच. "थोरला मुलगा मी, शवागाराचं मी बघतोय, मंडप मी सांगितलाय, आणि रेडिओवर माझं नाव चौथं?"

"आधी तुमच्या वडिलांच्या आईकडच्या घराण्याचे प्रमुख. मग वडिलांची सख्खी बहीण. मग तुमची आई. मग तुम्ही भावंडं, वयाप्रमाणे. प्रमुखांना विचारून आलायत ना?"

माणूस हातातल्या गाडीच्या किल्लीकडे बघू लागला.

"म्हणजे नाही विचारलं." तिनं पेन खाली ठेवलं. "जा, विचारून या. मी आहे इथंच. उद्या सकाळी नावं मागंपुढं वाचली गेली ना, तर शनिवारी मयत राहील एकीकडे आणि भांडणं दुसरीकडे."

तो पुटपुटत गेला. तासाभरानं परत आला तेव्हा प्रमुखांची संमती तर आणलीच होती, शिवाय विसरलेली दोन नावंही आणली होती. जाताना त्यानं जाळीखालच्या फटीतून हात घालून तिच्याशी अदबीनं हात मिळवला.

आमच्या बेकवाईच्या रेडिओ केंद्रातली ही खिडकी सव्वीस वर्षं पिनामानची होती. गावातलं कोणी गेलं की माणसं रडत तिच्याकडे यायची आणि बाहेर पडताना त्यांच्या हातात एक शिस्तीत लिहिलेला कागद असायचा. त्याची दुसरी प्रत सकाळ-संध्याकाळ सहाला रेडिओवर वाचली जायची. कोणाचं नाव कोणाच्या आधी, दोन बायका असतील तर कोणती 'पत्नी' आणि कोणती 'मुलांची आई', वाळीत टाकलेल्या भावाला कुठं बसवायचं, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. नवरा गेला तेव्हा त्याचीही बातमी तिनंच लिहिली. खिडकीच्या आत नेहमीच्या खुर्चीत बसून, नेहमीच्या अक्षरात.

कुमासीचा तो माणूस येऊन गेला त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी व्यवस्थापकानं तिला आत बोलावलं. केंद्र अक्राच्या नव्या मालकांकडे गेलं होतं. मृत्यूच्या बातम्या आता लोक फोनवरच्या फॉर्ममध्ये स्वतःच भरणार होते. खिडकी बंद.

"आणि नावांचा क्रम?" पिनामाननं विचारलं.

"मशीन लावतं ना. ए, बी, सी."

तिला वाटलं, तो थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता.

तीन आठवड्यांतच पोआनो गावातल्या एका म्हातारीच्या बातमीत पणतू आबेलचं नाव पहिलं वाचलं गेलं आणि घराण्याचे प्रमुख वियाफे सगळ्यांत शेवटी. शनिवारी वियाफे काठी आपटून मंडपातून उठून गेले. त्यांची समजूत निघेपर्यंत शवपेटी दीड तास उन्हात. त्यानंतर लोक पिनामानच्या दाराशी येऊ लागले. ती ओट्यावर बसून नावं लावून द्यायची, मग लोक तो कागद घेऊन फॉर्मशी झगडायला जायचे.

तिची मैत्रीण दुफी बाजारात मयताचं कापड विकते. काळं, लाल, तपकिरी. घराण्याच्या घराण्याला एकसारखं. जीभ अशी की गिऱ्हाईक भाव करायच्या आधीच दमतं. ती एक दिवस म्हणाली, "फुकट लिहून देतेस होय सगळ्यांना? दुकान टाक."

"कसलं दुकान?"

"मयताचं! बातमी तू दे, कापड मी देते, खुर्च्या-मंडपवाला आहेच."

"लोक आता दुकानात येत नाहीत, दुफी. फोनमध्ये बघतात. मला अ‍ॅप करायला लागेल."

दुफी इतकी हसली, की शेजारची टोमॅटोवाली बघायला आली. "तुला? फोनचा आवाज कमी कसा करायचा ते परवा मी दाखवलं तुला!"

"शिकीन."

कुमासीच्या, अ‍ॅप करून देणाऱ्या एका कंपनीत दोघी जाऊन आल्या. तिथला आकडा ऐकून दुफी म्हणाली, "एवढ्यात माझंच मयत थाटात होईल." पण परतताना ट्रोट्रोच्या खचाखच भरलेल्या छोट्या बसमध्ये पिनामाननं फोनवर शोधून काढलं, की कोड न लिहिताही अ‍ॅप करता येतं. तयार चौकोन मिळतात. ते उचलायचे, हवे तिथं ठेवायचे, कोणता चौकोन दाबल्यावर काय व्हावं ते सांगायचं. लागोसच्या एका बाईचे व्हिडिओ होते. ती बाई भरभर इंग्रजी बोलायची. पिनामान एक वाक्य ऐकायची, थांबवायची, वहीत लिहायची, मग पुढचं वाक्य.

तिनं मुलाचा जुना लॅपटॉप मागवला आणि दुफीच्या दुकानात, कापडाच्या ठाणांमध्ये, बस्तान मांडलं. दुपारी गिऱ्हाईक कमी आणि पंखा चालू. पहिला महिना तिला फक्त शब्दांचा अर्थ लावण्यात गेला. 'डेटाबेस' म्हणजे काय हे तीन व्हिडिओ बघूनही कळेना. चौथ्यात कळलं, तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "अगं, ही तर नोंदवही आहे!" त्यानंतर तिची भीती गेली. नोंदवही तिला कोण शिकवणार होतं?

खरी झटापट क्रमाशी झाली. ती नावं भरायची आणि अ‍ॅप ती वर्णानुक्रमानं लावून टाकायचं. रेडिओच्या फॉर्मसारखंच. तीन आठवडे तिनं सगळी बटणं दाबून पाहिली. दुफी म्हणायची, "राहू दे गं, मशीनची जातच तशी." एका दुपारी पिनामानला सुचलं, की नावाच्या शेजारी आणखी एक रकाना करायचा आणि त्यात आकडा आपण घालायचा. प्रमुख एक, बहीण दोन, पत्नी तीन. मशीनला सांगायचं, तू नाव बघूच नकोस, आकडा बघ. तिनं बटण दाबलं. नावं खालीवर झाली आणि हवी तशी रांगेत उभी राहिली. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसली.

अ‍ॅप तयार झालं तरी ते लोकांपर्यंत जाईना. अ‍ॅप ज्या ऑनलाइन दुकानात ठेवायचं, त्या दुकानाचा नियम होता, की आधी बारा माणसांनी ते सलग चौदा दिवस फोनवर ठेवून वापरायचं. पिनामाननं बारा जण जमवले. दुफी, शवपेट्या करणारा सुतार, मंडपवाला, दोन ढोलवाले, मेथडिस्ट चर्चच्या गायकवृंदातल्या पाच बायका, बर्फवाली आणि तिचा भाऊ. रोज सकाळी ती बाजारात फेरी मारायची. "उघडलंत का? दाखवा." अकराव्या दिवशी सुताराचा फोन पामफळांच्या सूपमध्ये पडला. बारातला एक कमी झाला, मोजणी मोडली.

"आता?" दुफीनं विचारलं.

"आता पहिल्यापासून. आणि या खेपेला सूप न पिणारा माणूस बघते."

मार्चच्या शेवटी अ‍ॅप त्या ऑनलाइन दुकानात लागलं. नाव ठेवलं 'दा यिये', सुखानं नीज. आमच्याकडे मयताला निरोप देताना हेच म्हणतात. पिनामाननं त्यात एक मोठं लाल बटण ठेवलं होतं. कोणीही घरबसल्या बातमी भरावी, क्रमाचे आकडे विचारल्याप्रमाणे टाकावेत आणि ते बटण दाबावं, की बातमी लगेच सगळ्यांच्या फोनवर. प्रत्येक बातमीखाली मंडपवाला, ढोलवाले, दुफी यांची नावं. त्याबद्दल ते दरमहा काही देत. ऑगस्टपर्यंत गावातली माणसं उठल्यावर तोंड धुवायच्या आधी 'दा यिये' उघडू लागली. कुमासीच्या, अक्राच्या, अगदी हॅम्बुर्गच्या लोकांनाही गावात कोण गेलं ते कळू लागलं. दुफी आता हसत नव्हती. ती दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "हे आमचं अ‍ॅप."

आणि मग ओपानिन अमोआतेंग वारले.

म्हणजे तशी बातमी आली. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी नऊला त्यांचा भाचा बेदियाको यानं कुमासीहून ती टाकली होती. 'ओपानिन' म्हणतात मानाच्या वडीलधाऱ्याला, आणि अमोआतेंग म्हणजे गावातलं तसंच मोठं माणूस. जन्मभर रेल्वेत गार्ड. वय एक्क्याऐंशी. छातीत पाणी झालं म्हणून कुमासीला इस्पितळात होते. दुपारपर्यंत हजारावर लोकांनी बातमी पाहिली. त्यांच्या अंगणात लाल कापड लागलं, खुर्च्या उतरल्या. त्यांची थोरली बहीण एनो तिवा ही नव्वदीची बाई. बातमी ऐकून ती उठायला गेली आणि ओट्यावरून पडली. मनगट मोडलं.

अडीच वाजता गल्लीच्या तोंडाशी ट्रोट्रो थांबली आणि ओपानिन अमोआतेंग हातात एक्स-रेची पिशवी घेऊन खाली उतरले.

पोरं किंचाळत पळाली. दोन बायका जमिनीवर बसल्या त्या उठेचनात. ओपानिन आपल्या अंगणात आले, खुर्च्यांच्या रांगा पाहिल्या, दमले होते म्हणून त्यातल्याच एकीवर बसले आणि विचारलं, "कोण गेलं?"

मंडपवाला मागच्या मागं खुर्च्या गोळा करू लागला.

झालं होतं एवढंच, की बेदियाकोनं सकाळी इस्पितळात फोन करून विचारलं, "आमचे मामा कसे आहेत?" पलीकडून कोणीतरी घाईत सांगितलं, "ते गेले." त्यांना घरी सोडलं होतं, असं सांगायचं होतं. बेदियाकोनं पुढचं ऐकून घेतलं नाही. आपल्या आधी दुसऱ्या कोणी बातमी देऊ नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

गाव महिनाभर हसलं. रेडिओवरचा सकाळचा निवेदक म्हणाला, "मंडळी, जिवंत आहात ना? 'दा यिये'वर एकदा बघून घ्या." दोन दिवसांत अर्ध्या लोकांनी अ‍ॅप काढून टाकलं. मंडपवाल्यानं आपलं नाव काढायला सांगितलं. पिनामान तीन दिवस घराबाहेर पडली नाही. ती हसण्याला घाबरली नव्हती. एनो तिवाचं मनगट तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

चौथ्या दिवशी ती रीतीप्रमाणे श्नॅप्स दारूची बाटली घेऊन ओपानिनकडे माफी मागायला गेली. माफी स्वतःच्या तोंडानं मागायची नसते, म्हणून बोलायला दुफी.

"नाना," वडीलधाऱ्याला मारतात तशी हाक मारून दुफीनं सुरुवात केली, "ही माझी बहीण तुमच्या पायाशी आलीय. तिनं तुम्हाला मारलं नाही, पण दार उघडं टाकलं आणि त्यातनं हे सगळं आत शिरलं..."

"बास," ओपानिन म्हणाले. "बाटली ठेवा. दुफी, तू आत जा, एनोला जरा बघ. हात दुखतो म्हणून सकाळपासून तिनं काही खाल्लेलं नाही."

दुफी आत गेली. ओपानिननी खुर्ची पुढं ओढली. "काय लिहिलं होतं माझ्यावर? वाच."

"नाना, ते मी काढून टाकलंय."

"तुझ्याकडे असणार. तुझ्याकडे सगळं असतं. वाच."

तिनं फोन काढून वाचलं. ओपानिन डोळे मिटून ऐकत होते. प्रमुखांचं नाव, बहिणीचं, दिवंगत पत्नीचं, मग पाच मुलं.

"पाच," ते म्हणाले.

"क्रम चुकलाय का?"

ओपानिननी डोळे उघडले. मग म्हणाले, "फ्रान्सिसच्या नंतर एक मुलगी आहे. फेलिसिया एकुआ. टार्क्वाला असते. तेव्हा आमची गाडी टार्क्वाला मुक्कामाला असायची. मुलगी झाली. आठव्या दिवशी बापानं मांडीवर घेऊन नाव ठेवायचं असतं. मी गेलो नाही. ड्यूटी होती, असं सांगितलं. नव्हती. तिच्या मामानं नाव ठेवलं, स्वतःचं आडनाव दिलं." त्यांनी गुडघ्यावरचं कापड सारखं केलं. "विशीची असताना ती इथं स्टेशनात मला शोधत आली होती. मी म्हटलं, पोरी, तू चुकीच्या माणसाकडे आलीस. ती 'माफ करा' म्हणाली आणि परतीच्या गाडीत बसली. गाडीला झेंडा मीच दाखवला."

पिनामाननं फोन खाली ठेवला. "हे घरच्यांना सांगा, नाना. आज सांगा."

"भित्रा आहे मी."

"आणि मेल्यावर मी सांगायचं? माझ्यावर का ढकलता?"

"दुसऱ्या कोणावर ढकलू? मुलांची पाचच नावं असलेला कागद फ्रान्सिसनं लिहून ठेवलाय, मी पाहिलाय. त्या दिवशी अंगणात बसलो ना, खुर्च्यांमध्ये, तेव्हा मनात आलं, आपण खरंच गेलो असतो तर ती पोर कायमची राहून गेली असती." त्यांनी एक जीर्ण पाकीट उघडलं आणि आतल्या कागदावरचा त्या मुलीचा फोननंबर पिनामानपुढं धरला. "माझी बातमी मीच देतो. तू लिही. तुझ्या मशीनवर माझा आवाज घे."

तिनं आवाज घेतला. ओपानिननी नऊ नावं सावकाश, एकेक करून सांगितली. मुलांमध्ये फेलिसिया एकुआचं नाव दुसरं.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून पिनामाननं लॅपटॉप उघडला आणि ते लाल बटण उचलून अ‍ॅपबाहेर टाकलं.

दुफी ओरडली, "अगं, तेच तर बटण आहे! त्याच्यासाठीच लोक येतात!"

"आता बातमी आधी माझ्याकडे येईल. मी घराण्याच्या प्रमुखांना फोन करीन. मग ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय त्याला करीन. मग लावीन."

"दिवस लागेल त्याला! अ‍ॅप म्हणजे काय गं, माणसाशिवाय चालणारी गोष्ट ना? तू परत त्या खिडकीत जाऊन बसतेयस."

"हो," पिनामान म्हणाली. "बसतेय."

आणखी एक चौकोन तिनं वाढवला. ज्याला हवं त्यानं आपली बातमी जिवंतपणीच, आपल्या आवाजात, तिच्याकडे ठेवावी. असल्या अशुभ गोष्टीला कोणी यायचं नाही, असं दुफीचं म्हणणं. पहिला महिना खरंच कोणी आलं नाही. मग निवृत्त शिक्षिका आली, मग दोन बायकांचा एक दादला आला, मग मूल नसलेली बर्फवाली. अ‍ॅप काढून टाकलेले लोक हळूहळू परत आले. रेडिओच्या फॉर्मपेक्षा 'दा यिये'ची बातमी उशिरा येते पण पक्की असते, असं लोक म्हणू लागले. मंडपवालाही काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं परतला.

जानेवारीत, हरमाटनच्या कोरड्या वाऱ्यानं आणलेल्या धुळीनं आभाळ पांढरं झालेलं असताना, ओपानिन अमोआतेंग खरोखर गेले. सकाळी, चहा घेऊन झाल्यावर. पिनामान स्वतः जाऊन पाहून आली.

दोन दिवसांनी तिघं जण दुफीच्या दुकानात आले. घराण्याचे प्रमुख नाना डार्को, भाचा बेदियाको आणि थोरला मुलगा फ्रान्सिस. कागदावर पाच मुलं होती.

पिनामाननं त्यांना बसायला दिलं आणि म्हणाली, "नाना, ओपानिननी स्वतःची बातमी ठेवलीय माझ्याकडे. ऐका." तिनं आवाज लावला.

दुकानात त्यांचा दम लागलेला आवाज सावकाश फिरला. फेलिसिया एकुआचं नाव आलं तेव्हा दुफीच्या हातातली कात्री थांबली. फ्रान्सिस खाली मान घालून ऐकत होता. आवाज संपला तसा तो उठून बाहेर गेला.

नाना डार्को म्हणाले, "आजारी माणूस काहीही बोलतो."

"आजारी नव्हते तेव्हा. बरे होऊन आले होते."

"मयत घराण्याचं असतं, बाई. तू सव्वीस वर्षं हेच सगळ्यांना शिकवलंस."

"मयत तुमचंच आहे, नाना. पहिलं नावही तुमचंच आहे. पण मुलं किती ते बापानं सांगितलंय. ते मी खोडणार नाही."

बेदियाको पुढं झाला. "एक अ‍ॅप काय चालवते, स्वतःला राणी समजायला लागली! रेडिओवर देतो आम्ही. आणि दुफी, तुझ्याकडची दोनशे वार कापडाची मागणी रद्द समज."

ते गेल्यावर दुफी ठाणावर बसली. "एक नाव, पिनामान. जिला आपण कधी पाहिलं नाही, तिचं एक नाव. खोड ना. कोणाला कळणार आहे?"

"मला."

"माझे दोनशे वार जातायत आणि तू..." दुफीनं कात्री टेबलावर टाकली. "ऊठ माझ्या दुकानातनं. तुझा लॅपटॉप घे आणि ऊठ."

पिनामाननं लॅपटॉप घेतला आणि उठली. घरी ओट्यावर बसून तिनं टार्क्वाचा नंबर लावला. पलीकडे बाजाराचा गलका होता.

"कोण बोलतंय?"

पिनामाननं आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि ओपानिन अमोआतेंग गेल्याचं सांगितलं. गलका तसाच ऐकू येत राहिला.

"त्यांनी जायच्या आधी मुलांची नावं सांगितली होती," पिनामान म्हणाली. "त्यात तुमचं आहे. बातमी लावायच्या आधी तुम्हाला विचारायला हवं. तुम्हाला नको असेल तर नाही लावणार."

"शेवटी असेल," ती बाई म्हणाली. "सगळ्यांच्या खाली."

"नाही. वयानं दुसऱ्या आहात तुम्ही. दुसरंच आहे."

"त्यांनी म्हटलं तसं? दुसरं?"

"ऐकवते," पिनामान म्हणाली, आणि लॅपटॉपवर तो आवाज लावून, फोन जवळ धरून तिनं ते ऐकवलं. पलीकडे गलक्यातच ती बाई रडत असावी. मग म्हणाली, "लावा."

संध्याकाळी बातमी लागली. रेडिओनं पाच मुलं सांगितली, 'दा यिये'नं सहा. गावात दुसरा विषय नव्हता. अमोआतेंगांच्या नात्यातल्या तीन घराण्यांनी पिनामानकडे बातमी देणं सोडलं, ती आजतागायत परतलेली नाहीत. त्याच महिन्यात ओबुआसीहून, डंक्वाहून, तिनं नावंही ऐकलेली नव्हती अशा गावांहून म्हातारी माणसं फोन करू लागली. "आपला आवाज ठेवायचाय म्हणे तुमच्याकडे. कसा ठेवायचा?" व्यवसाय म्हणाल तर तो तिथून उभा राहिला. पण हे सगळं तिला नंतर कळलं. त्या आठवड्यात ती ओट्यावर एकटीच बसून होती.

शनिवारी ती मयताला गेली. आमच्याकडे मयताला जायला आमंत्रण लागत नाही आणि कोणी हाकलूनही देत नाही. मंडपात शेवटच्या रांगेत ती बसली. शेजारच्या दोघी उठून पुढं गेल्या. थोड्या वेळानं रिकाम्या खुर्चीत कोणीतरी धपकन बसलं. दुफी होती. पाण्याची पिशवी दातानं फोडून एक घोट घेतला आणि उरलेली पिनामानच्या हातात दिली.

अकराच्या सुमाराला काळं कापड ल्यालेली पंचावन्न-एक वर्षांची एक बाई मंडपाच्या तोंडाशी आली. सोबत कोणी नव्हतं. ती उजवीकडून हात मिळवत निघाली, रीतीप्रमाणे, कोणालाही न वगळता. नाना डार्कोंनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण हात पुढं केला. मयतात हात आखडता येत नाही. प्लॅस्टरमधून सुटलेल्या वाळक्या हातानं एनो तिवानं तिचा हात धरला, तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, आणि सोडला.

मग मुलांची रांग. पाच खुर्च्या, पाच जण. बाईनं फ्रान्सिसला हात दिला. त्यानं तो घेतला. ती पुढं सरकायच्या आत तो उठला, मागच्या रांगेतून एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची उचलून आणली आणि रांगेकडे पाहत क्षणभर थांबला. रांगेच्या शेवटी जागा रिकामी होती. त्यानं शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीच्या खांद्याला हात लावला. ती सरकली, तिच्या पलीकडचा सरकला, आणि एकेक करत चौघंही सरकले. फ्रान्सिसनं आपल्या खुर्चीशेजारी ती खुर्ची ठेवली, तिच्यावरची पांढरी धूळ तळहातानं पुसली आणि पुन्हा समोर बघत बसला.

बाई त्या खुर्चीवर बसली. ढोल सुरू झाले.